वाटीचमच्याचा सातवा नियम

पनवेल,
१७ जानेवारी १९९९

चि. सौ. सत्यवती हिस,

आशीर्वाद. माझे मेल तू उघडत नाहीस हे कळलं, म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं झालं तरी हातात घ्यावं लागतं.

तीन तारखेला तू 'वाटीचमचा' सोडलास. सोडलास ते सोडलास, पण जाता जाता दीडशे बायकांसमोर लिहून गेलीस, "ताईला त्या बाईचा मत्सर वाटतो, म्हणून तिला हाकललं." इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी एरवी दोनदा वाचावं लागतं. हे मात्र सगळ्यांना एका दमात कळलं. सिडनीच्या एका बाईंनी मला विचारलं, "कुमुदताई, हे खरं का?" तीस वर्षं मी शाळेत होम सायन्स शिकवलं, असं विचारायची एका मुलीची छाती झाली नव्हती.

तर काय खरं ते ऐक. ही मेलिंग लिस्ट आपल्या दोघींची. सत्त्याण्णवच्या दिवाळीत तू आलीस, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर बसवलास, मला मेल शिकवलास. जगभरच्या मराठी बायकांनी एकमेकींना पाककृती पाठवाव्यात ही कल्पना तुझी. त्यात शिस्त हवी, हे माझं. नावही मीच दिलं. नियमही मीच केले, आणि तेव्हा तू "ताई, तुझ्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं" असं लिहिलं होतंस. तो मेल मी छापून ठेवलाय.

नियम काही फार नाहीत. एका मेलमध्ये एकच पदार्थ. करून पाहिलेलाच लिहायचा. दुसऱ्या कुणाचा असेल तर तिचं नाव द्यायचं. आणि सातवा, ज्यावरून एवढं रामायण झालं: प्रमाण वाटी-चमच्यात द्यावं. मूठभर, चिमूटभर, बेताचं, अंदाजानं, असलं काही चालणार नाही. तुझे सोडून प्रत्येक मेल आधी माझ्याकडे येतो, मी वाचते आणि मग पुढे सोडते. नियम मोडला तर पहिल्यांदा मेल परत, दुसऱ्यांदा समज, तिसऱ्यांदा एक महिना लिस्टबाहेर. यात कुणाचा मत्सर कुठे आला?

गव्हाणच्या जनीबाई घरत. पनवेलच्या बाजारात मासळी विकतात. स्वतःला लिहिता-वाचता येत नाही. सून रोशनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात कुठल्याशा ऑफिसात टायपिंग करते, ती जेवणाच्या सुट्टीत सासूचं बोलणं जसंच्या तसं उतरवते. पहिलाच मेल वांगं-सोड्यांच्या कालवणाचा, तीच आपली सुकी कोलंबी. "सोडं दोन मुठी. पानी सोडं बुरून वर बोटाची दोन पेरं. मसाला तुमच्या हाताला येल तेवरा." याला कृती म्हणतात? माझ्या वर्गात हिला शून्य मिळालं असतं.

आणि त्याला एकतीस उत्तरं! माझ्या चकलीच्या भाजणीला, जिचं प्रमाण मी सात वेळा करून बसवलं होतं, दोन उत्तरं आली. त्यातलं एक "मला लिस्टवरून काढा" असं होतं.

त्या एकतिसात तुझं पहिलं. "अठरा वर्षांत आज पहिल्यांदा आईच्या हातचं जेवले. जेवता जेवता रडले." वाचलं मी. आईच्या हातचं! मग सोळा वर्षं मी तुला वहीत उतरवून पाठवलेलं आईचं माप, ते काय होतं? ते करून बघितल्यावर दर वेळी तुझं ठरलेलं, "छान झालं, पण तसं नाही." आणि एका मासळीवालीच्या दोन मुठींत तुला आई सापडली. असो.

त्यानंतर तिनं तीन कृती पाठवल्या, तिन्हींत मूठ. तीन झाल्या, दोन जानेवारीला मी नाव काढलं. सातवा नियम पहिल्या दिवसापासून आहे आणि सगळ्यांना सारखा आहे.

आणखी एक. लिस्टचा पासवर्ड मी बदलला आहे. माझ्या मागे आत शिरून तिला परत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस.

कुमुद चौबळ
(वाटीचमचा, व्यवस्थापक)


पनवेल,
६ फेब्रुवारी

सत्यवतीस,

तुझं पाकीट आलं. एवढं मोठं पाकीट, अमेरिकेचं तिकीट, आणि आत एकच ओळ. "सातवा नियम कुठल्या तारखेला केलास?"

नऊ डिसेंबरला. जनीबाईंचा मेल सहा तारखेचा. झालं समाधान? लिस्टवर काही न सांगता नियमांच्या कागदात खाली जोडला. तुझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. लहानपणी माझ्या कपाटातली एक बांगडी इकडची तिकडे झाली तर मला कळायचं, तुला ते डोळे कधी आले कोण जाणे.

आणि हो, मत्सर वाटला. लिहूनच टाकते. तू जेवता जेवता रडलीस ते वाचलं आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्या दिवशी मी जेवले नाही. आईचं आजारपण मी काढलं, तिचं अंथरूण-पांघरूण मी केलं, तुला तिकडून यायला जमलं नाही म्हणून तिच्या दहाव्याला तुझ्या वाटचंही पाणी मीच सोडलं. आणि तिच्या हातची चव कुणाकडून मिळाली तुला? माझ्याकडून नाही.

जनीबाईंची महिनाभराची शिक्षा दोन तारखेला संपली. मी वाट बघितली, तिचा मेल नाही. तुझ्यामागोमाग आणखी नऊजणी गेल्या. लिस्टवर आता शुभेच्छा आणि साबुदाण्याचे वडे, एवढंच येतं. सगळं प्रमाणात असतं.

मग काल मी बाजारात गेले. कशाला, ते तुला सांगायला हरकत नाही. तिचं पितळ उघडं पाडायला. मूठ ही दर वेळी वेगळी भरते, हे शाळेतल्या पोरीलाही कळतं. ते काट्यावर दाखवायचं आणि लिस्टवर आकडे टाकायचे, असा बेत होता. पिशवीत वही-पेन्सिल घेतली होती.

सापडायला वेळ लागला नाही. बुटकी, काळी, साठीची बाई. नऊवारीचा काष्टा, कपाळावर गोंदण, पुढ्यात खाडीची कोलंबी, चिखलातल्या निवट्या, आणि बाजूला टोपलीत सोडे. मी कोण ते सांगितलं नाही. सोड्यांचा भाव विचारला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कालवणाला किती घालायचे?"

"दोन मुठी."

"म्हणजे किती वाट्या?"

ती हसायलाच लागली. शेजारणीला म्हणाली, "ऐकलास का गो भामा, ही पन वाट्या विचारते!" मग मला म्हणाली, "माजी सून त्या कंपूटरवर माजा जेवान लिवते. तिकरं कोन एक म्याडम हाय, तिला मूठ नाय समजत. मी म्हनलं, नाय समजत म्हंजे काय? तिला हात नाय का?"

सत्या, तिथे भर बाजारात माझा चेहरा कसा झाला असेल याचा विचार करून तुला हसू येत असेल. हस.

समोरच दिनानाथ वाण्याचं दुकान आहे, आपला जुना. मी म्हटलं, बाई, तुमची मूठ जरा काट्यावर भरून दाखवता का, मला लिहून घ्यायचंय. तिला गंमत वाटली. हात पदराला पुसून आली. एक मूठ सोडे तिनं पारड्यात टाकले, मी आकडा लिहिला. परत काढून दुसरी. मग तिसरी. पाच वेळा. पाचही वेळा दिनानाथचा काटा त्याच रेघेवर उभा. दिनानाथ म्हणाला, "चौबळबाई, माझ्या वजनांत खोट निघेल, हिच्या हातात नाही."

मग ती मला म्हणाली, "आता तुमी भरा." मला घाई होती. मी निघून आले.

हे आकडे मी लिस्टवर टाकलेले नाहीत. टाकणारही नाही.

ताई


पनवेल,
२४ फेब्रुवारी

सत्या,

मागच्या पत्रात लिहिलं की घाई होती. घाई कसली! शुक्रवारी दुपारी निवृत्त बाईला कसली घाई असते? मी मूठ भरली होती. तीन वेळा. तिन्ही वेळा काटा वेगळ्या ठिकाणी गेला. त्या भामानं तोंडाला पदर लावला.

तुला आठवतं का, मी बारा-तेरा वर्षांची असताना आईनं एकदा माझ्या हातातून डाव काढून घेतला होता? "कुमुदच्या हाताला अंदाज नाही, जा, तू अभ्यासाला बस." आणि तू, सहा वर्षांची, पाटावर बसून तिच्या शेजारी कोथिंबीर निवडत होतीस, तुला तिनं उठवलं नाही. मी अभ्यासाला बसले. इतका अभ्यास केला की स्वयंपाकच शिकवायला लागले. वाटी, चमचा, काटा, घड्याळ. एकदा माप हातात आलं की अंदाज कुणाला हवा? माझ्या हातचं कधी बिघडलं नाही, हे तूही कबूल करशील. पण माझ्या हातचं जेवून कुणी रडल्याचं मला आठवत नाही.

रविवारी मी आईची वही काढली. वांगं-सोड्यांचं पान. माझ्याच अक्षरात आहे, ऑगस्ट त्र्याऐंशी. "सोडे पाऊण वाटी." मला सगळे आकडे जनीबाईंच्या मुठीशी ताडून बघायचे होते. आईची मूठ तिच्यापेक्षा लहान, हे धरून चालले, तरी हिशेब जुळेना. पाऊण वाटी म्हणजे दोन मुठी तर सोडच, एकही धड होत नाही. आठ वर्षांच्या पोरीची मूठ असावी तेवढं.

मग मी वही मिटली. कारण ते माप मी कसं घेतलं, ते मला आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते.

आईला जुलैत झटका आला, हे तुला कळवलं होतं. उजवा हात अधू झालाय, हेही कळवलं होतं. बोटं मिटायची नाहीत पुरती. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हिच्या हातचं सगळं हिच्याबरोबर जाईल, त्याआधी लिहून ठेवावं. सत्याला पाठवता येईल. खरंच, तेव्हा तुझ्यासाठीच आलं होतं मनात. सोड्यांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, समोर वाटी धरली, म्हटलं, आई, कालवणाला घालतेस तेवढे दोन मुठी यात घाल. तिनं घातले. निम्मे बोटांमधून खाली सांडले, ते मी वेचून परत डब्यात टाकले. वाटीतले सोडे बोटानं सारखे केले आणि लिहिलं, पाऊण.

मीठ तसंच. मसाला तसाच. सगळी वही तशीच, सत्या. तीन दिवसांत बेचाळीस पदार्थ मोजले मी. मला काय अभिमान होता त्या वहीचा!

आपली आई कधी पाऊण वाटी सोडे घालणारी बाई होती का? कालवणात डाव घातला की दर वेळी सोडे यायचे. मला ते दिसत होतं तेव्हाही. मी होम सायन्सची बाई, मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण मापलेलं होतं ना, आणि मापलेलं चुकतं हे मान्य केलं असतं तर माझ्याकडे राहिलं काय असतं? तेच मी तुला पाठवत राहिले. तू "तसं नाही" म्हणालीस की मला राग यायचा. मनात म्हणायचे, हिलाच करता येत नाही.

त्या दिवशी मोजताना आई काहीतरी म्हणाली होती. आता नक्की आठवत नाही.

ताई


पनवेल,
९ मार्च

सत्या,

हे पत्र एका दमात. हात थांबला तर पुन्हा धीर होणार नाही.

शुक्रवारी बाजारात जाऊन जनीबाईंना सांगितलं, ती मॅडम मीच. त्यांनी कोलंबी सोलता सोलता वर पाहिलं. "मना तवाच समजला. मासली घ्यायला आलेली बाय काटा शोधत नाय." मी म्हटलं, चूक झाली, नियम तुमच्यासाठीच केला होता, तुम्ही परत लिहा. त्या म्हणाल्या, "लिवीन मी. माजा काय जातंय, सुनेला हौस हाय. पन मना तुमी एक म्हैना भाएर ठेवलं, तर आता एक म्हैना तुमाला माज्याकरं सोडं नाय. नियम हाय." आणि खरंच नाही दिले. टोपलीवर फडकं टाकलं. बाजारभर हशा.

घरी येऊन मी लिस्टवर सगळं लिहिलं. नऊ डिसेंबर, काटा, माझ्या तीन मुठी, आईचा हात, वहीतले बेचाळीस पदार्थ. आईच्या नावानं मी जे जे पाठवलं ते करून न पाहता, चुकतंय हे दिसत असून पाठवलं, म्हणजे माझाच नियम मी किती वेळा मोडला ते तू मोज. मग मी माझं नाव काढलं. एक महिना. सातवा नियम खोडला नाही, पण बदलला. आता असा आहे: माप मुठीचं असेल तर मूठ कुणाची, ते नाव द्यावं.

सिडनीच्या बाईंचा मेल लगेच मंजुरीला आला, "म्हणजे खरंच होतं तर." मी बंदीवर असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. नशीब त्यांचं.

आता अडचण अशी की काल जनीबाईंचा मेल आलाय, निवट्यांच्या कालवणाचा. तो मंजुरीसाठी पडून आहे आणि मी त्याला हात लावू शकत नाही. लावणार नाही. तो तू सोडायचास. पासवर्ड मी बदललेला नाही, ते खोटं लिहिलं होतं. तू त्या दिवाळीत ठेवलास तोच आहे.

आणि दुसरं खोटं. आई काय म्हणाली ते आठवत नाही असं लिहिलं. शब्दन् शब्द आठवतो. वाटी समोर धरल्यावर ती हसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, तरी हसली. म्हणाली, "हे कुणासाठी, सत्यासाठी? तिला कशाला गं माप? तिचा हात माझाच आहे. तिला एवढंच कळव, तुझ्या मुठीनं घाल."

मी तिच्या उशाशी रात्रंदिवस बसलेली, आणि तिचा हात मात्र न्यूजर्सीत. मला ते सोसलं नाही. मी म्हटलं, "बरं बरं, आधी मोज तू." आणि तुला वाट्या-चमचे कळवले. तेवढं एक वाक्य कळवलं नाही. डिसेंबरात तू जनीबाईंचं वाचून पहिल्यांदा स्वतःची मूठ घातलीस आणि रडलीस, तेव्हा मला समजलं होतं की तुला आई कुठे सापडली. जनीबाईंच्या मुठीत नाही.

वहीतलं ते पान सोबत पाठवते आहे. पाऊण वाटी खोडली आहे. आईचा निरोप सोळा वर्षं माझ्याकडे अडकला होता, तो आज सोडते. तुझ्या मुठीनं घाल.

ताई